सरकलेली रेघ

दरवाजा तुटला तेव्हा भावना रामटेके मान खाली घालून काम करत होती. नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांच्या त्या ऑफिसात ती आणि तिचा भागीदार स्वानंद असे दोघंच. आत घुसलेले पाच-सहा जण लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरा गिरणीतले होते. कुणाच्या हातात सागवानी फळी, कुणाच्या हातात लोखंडी गज. सगळ्यांत पुढे अंकुश. त्याच्या शर्टावर रक्त होतं आणि ते त्याचं नव्हतं.

"कोनं बनवलं ते?" तो ओरडला. "माह्या भावाचा हात गेला! रोशनचा हात गेला!"

गज आडवा फिरला आणि टेबलावरचा मॉनिटर फुटला. दुसऱ्याने कॉम्प्युटरचा डबा उचलून भिंतीवर आपटला.

भावना आणि स्वानंदने गिरण्यांसाठी एक प्रोग्रॅम केला होता. आऱ्याभोवती भुसा इतका उडतो की पातं नीट दिसत नाही. म्हणून वर कॅमेरा, बाजूला पडदा आणि पडद्यावर एक लाल रेघ. पातं इथून जाणार, हात हिच्या अलीकडे ठेवा. प्रोग्रॅम पायथनमधला, रेघ काढायचं काम दुसऱ्या कुणी सी भाषेत लिहून ठेवलेली एक ग्राफिक्स लायब्ररी करायची. प्रोग्रॅम आणि लायब्ररीला जोडणारा दुवा, म्हणजे बाइंडिंग, भावनाने बांधला होता. असा दुवा विंडोजसाठी वेगळा, मॅकसाठी वेगळा, गिरणीतल्या लिनक्सच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी वेगळा बांधावा लागतो. आणि लायब्ररी बदलली की सगळे पुन्हा.

"मला मारू नका," स्वानंद भिंतीला पाठ लावून म्हणाला. त्याने भावनाकडे बोट केलं. "बाइंडिंग हिचं आहे. मला त्यातलं काही कळत नाही."

अंकुशने गज उगारला. भावनाने हात वर केला आणि गज तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. ती गुडघ्यांवर खाली आली. पोटात कुणाची तरी लाथ बसली.

"रेघ कुठं होती?" तिने विचारलं.

"काय म्हणून राहिली?"

"पडद्यावरची रेघ. हात गेला तेव्हा कुठं होती?"

"बाजूले होती! चांगली वीतभर बाजूले! पोरगा रेघ पाहून हात ठेवून राहिला होता, अन् पातं भलतीकडून आलं!"

भावनाने स्वानंदकडे पाहिलं. "तू नवी लायब्ररी टाकलीस?"

"टाकली," तो म्हणाला.

"बाइंडिंग पुन्हा न बांधता?"

"गिरणीत बांधायला अर्धा दिवस लागतो. माझ्या मॅकवर सगळं नीट होतं. तिथंही प्रोग्रॅम सुरू झाला गं, एक एरर आली नाही."

"येणारच नव्हती. जुना दुवा नव्या लायब्ररीतले आकडे चुकीच्या खणातून उचलतो आणि मुकाट्याने चालत राहतो. मी सांगितलं होतं तुला." तिला एकदम दुसरी जागा आठवली. "कळमन्याला? तिथंही टाकलीस?"

"तिथंही," स्वानंद म्हणाला.

कळमन्यात मधुकररावांचा संत्र्याच्या लाकडी पेट्या बनवायचा कारखाना होता. तिथेही तोच कॅमेरा, तोच पडदा. भावनाने डाव्या हाताने फोन लावला. रिंग वाजत राहिली. आरा चालू असताना तिथे कुणाला फोन ऐकू येत नसे. ऑफिसातले कॉम्प्युटर फुटलेले, इथून काही बंद करता येणार नव्हतं.

"तिथं आत्ता कोणीतरी लाकूड लावून राहिला असेल," ती अंकुशला म्हणाली. "मले तिथं घेऊन चल. मग काय मारायचं ते मार."

अंकुशने गज खाली घेतला. मागचा एक जण म्हणाला, "पळून जाईन हे." अंकुशने त्याला ढकललं आणि भावनाला दंडाला धरून जिन्यावरून ओढत खाली नेलं.

मोटरसायकलवर प्रत्येक खड्ड्यागणिक तिच्या तोंडून किंकाळी निघत होती. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

कारखान्याच्या शेडमध्ये नत्थूजी नावाचा म्हातारा कारागीर पडद्याकडे बघत ओंडका पुढे सरकवत होता. अंकुश गज घेऊन ओरडत आत धावला आणि लुटायला आला समजून चौघे कामगार त्याच्यावर तुटून पडले. फळ्या त्याच्या डोक्यावर, पाठीवर बसू लागल्या. तो खाली पडला तरी ओरडत होता, "बंद करा! बंद करा गा!"

आऱ्याच्या मोटरचा स्विच कुठे आहे ते भावनाला माहीत होतं. ती भिंतीच्या कडेने धावली. एकाने तिची ओढणी धरली, ती गळ्याला करकचली आणि फाटली. तिने डाव्या हाताने खटका खाली ओढला.

मोटर थांबली, पण पातं लगेच थांबत नाही. नत्थूजी किंचाळले. त्यांच्या हातमोज्याचं टोक उडालं आणि सोबत अंगठ्याचं नखही थोडं मांस घेऊन गेलं. मग पातं थांबलं.

मधुकररावांनी येऊन भावनाच्या थोबाडीत मारली. ती पडली नाही. तिने आऱ्यापाशी जाऊन पात्यावर बोट ठेवलं. "पडद्यावर बघा. माझं बोट पात्यावर आहे. रेघ कुठं आहे?"

पडद्यावर तिचं बोट एकीकडे होतं, रेघ दुसरीकडे. नत्थूजींनी ते पाहिलं आणि रक्ताळलेला हात छातीशी धरून ते बाजूला जाऊन ओकले. अंकुशला मारणारे मागे सरले.

सरकारी दवाखान्यात तिचा हात प्लास्टरमध्ये घातला गेला. अंकुशच्या डोक्याला टाके पडले. जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा अंकुश शेजारीच बसला होता.

"माहं नाव बी सांग," तो म्हणाला. "तुहा हात मीच मोडला."

"सांगणारच आहे," भावना म्हणाली. तिने अंकुशचं नाव सांगितलं, स्वानंदचं सांगितलं. प्रोग्रॅम दोघांचा, असंही सांगितलं.

आतल्या वॉर्डात रोशन होता. संध्याकाळी त्याची आई, कांताबाई, बाहेर आली. तिने भावनाचं प्लास्टर पाहिलं, सुजलेला गाल पाहिला.

"तूच का वं ते मशीनवाली?"

"हो."

कांताबाईने हात उचलला. तो तसाच हवेत राहिला, मग तिने तो तोंडावर घेतला आणि ती बाकावर बसली. बराच वेळ रडली.

"त्याले अजून मालूम नाही," शेवटी ती म्हणाली. "पट्टी आहे ना. त्याले वाटते बोटं आहेत. 'माय, खाज येऊन राहिली बोटाले' म्हणते. मले सांगवत नाही."

कांताबाईने डोळे पुसले.

"तू सांग. काहून असं झालं, तेबी तूच सांग."

भावना उठली आणि वॉर्डाचं दार खांद्याने ढकलून आत गेली.