फुंकरेचा हात कुठला?

सभागृहाच्या दाराशी चपलांचा ढीग होता आणि आत हातांची रांग. भेगाळलेले, लालभडक, खाजवून सोललेले हात. व्यासपीठावरचे महाराज पांढऱ्या लेपाच्या डबीवर फुंकर मारायचे आणि ती पुढच्या हातावर ठेवायचे.

"लेप नुसतं निमित्त! गुण माझ्या श्वासाचा. डॉक्टर कातडी बघतात, मी कर्म बघतो!"

कर्म बघायला त्यांना पापणी लवायचाही वेळ लागत नसे.

माझी धाकटी बहीण भक्तांत आघाडीवर. तिचं केस कापायचं दुकान. दिवसभर हात शाम्पूत आणि रंगात, म्हणून हातांना इसब. लेपानं हात मऊ झाले; लेप थांबला की दुप्पट चिडायचे. महाराज म्हणायचे, "श्रद्धा पातळ झाली." ही लगेच नवी डबी आणायची.

इथवर मी हसत होतो. मग तिच्या तान्ह्या मुलीच्या गालांवरही इसब उठलं. "दादा, उद्यापासून बाळालाही लेप," ती म्हणाली, आणि माझं हसू पळालं.

आमची आत्या त्वचारोगाची डॉक्टर. घरचीच, त्यामुळे तिचं कोणी ऐकत नसे. तिनं वाद घातलाच नाही.

"अगं, तू तिथं डब्या मांडतेस ना? फुंकर न मारलेली एक आण. उजव्या हाताला ती लाव, डाव्याला फुंकरेची. तोवर बाळाला काही लावू नकोस."

"आत्या, हरशील हं!"

थोड्याच दिवसांत दोन्ही हात सारखेच मऊ झाले. बहिणीचा चेहरा मात्र उतरला.

पुढच्या सभेला ती बाळाला कडेवर घेऊन थेट व्यासपीठावर चढली. "महाराज, या खेपेला माझ्या एकाच हाताला तुमचा श्वास लागलाय. कुठल्या?"

महाराजांनी डोळे मिटले, मान डोलावली. "उजवा! तेज दिसतंय."

"उजव्याला बिनफुंकरेची डबी होती."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी ध्यानात विघ्न आल्याचं जाहीर करून पाणी मागवलं.

मग माझ्याशेजारी बसलेली आत्या उठली. लेप तिनं तपासून घेतला होता. "यात जोरदार स्टेरॉइड आहे. औषध वाईट नाही, आम्हीही देतो. पण जागा, जोर आणि मुदत ठरवून. न सांगता महिनोन् महिने चोपडलं तर कातडी पातळ होते, थांबवलं की इसब उसळतं. तान्ह्या बाळाला तर फारच धोका."

बहिणीनं बाळाला घट्ट धरलं.

"मग कायमचा उपाय कुठला?" एकानं विचारलं.

"कायमचा नाही, पण आटोक्यात राहतं. कोमट पाण्यानं आंघोळ, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मलम, कडक साबण बंद, कामाला हातमोजे. चिघळलं की डॉक्टर."

लोक हिरमुसले. आपल्याला चमत्कार पटकन पटतो, रोज मलम लावायचा मात्र कंटाळा येतो.

म्हणून सांगतो, डबीत काय आहे ते विचारा. विचारल्यानं देव कोपत नाही, डबीवालाच कोपतो. आत्यानं डबी तपासली, बहिणीनं भर सभेत विचारलं, म्हणून माझ्या भाचीचे गाल वाचले.