एका बटाट्याचे दोन भाऊ

मनुष्यजातीला लाभलेला सर्वांत थोर न्याय कुठल्याही न्यायालयात होत नाही, तो आमच्या वहिनीच्या ओट्यावर रोज सकाळी होतो. वादी-प्रतिवादी आम्ही दोघे सख्खे भाऊ. वादाचा विषय बटाटा.

दादाची मूत्रपिंडं थकली आहेत. रक्तातलं पोटॅशियम त्यांना नीट बाहेर टाकता येत नाही, आणि ते साचलं की हृदयाचा ताल बिघडतो. पुढच्या तपासणीत आकडा आणखी चढला तर मशीनला जोडावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझी मूत्रपिंडं ठणठणीत, पण रक्तदाब चढलेला. त्याच डॉक्टरांनी मला सांगितलं की मीठ कमी करा, पोटॅशियम वाढवा, बहुतेक मोठ्या माणसांना ते पुरेसं मिळतच नाही. मी हे मुद्दाम केलं, असं दादाचं मत आहे. लहानपणीही मोठा तुकडा माझ्याच वाटणीला यायचा म्हणे.

बटाटा दोघांचाही जीव की प्राण. वहिनी तो सोलून बारीक चिरते आणि मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळते. पोटॅशियम बरंचसं पाण्यात उतरतं. निथळलेल्या फोडी, त्याही मोजक्याच, दादाला. उरलेल्या पाण्याचं टोमॅटो घालून सूप मला. आपल्या बटाट्याला पेन्शनीत काढलंय, अशी कुरकुर करत दादा ताट चाटूनपुसून लख्ख करतो.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात माझं बंधुप्रेम उफाळून आलं. दुकानात 'कमी सोडियम, हृदयाचा मित्र' असं छापलेलं मीठ दिसलं, ते मी दादासाठी घेऊन आलो. अळणी खाऊन खाऊन कावलेल्या दादाने मला एकदम सगळं बालपण माफ केलं आणि चमचा भरून फोडींवर धरला.

वहिनीने त्याचा हात मधेच अडवला. चिमूटभर मीठ स्वतःच्या जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. कडवट लागतंय म्हणाली. सोडियम काढलं त्या जागी काय भरलंय, ते जरा बघा. मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली, 'पोटॅशियम क्लोराइड', आणि चष्मा पुसत बसलो.

"भाऊजी," ती शांतपणे म्हणाली, "मी सकाळपासून पाण्यात सोडलं, ते तुम्ही पाकिटातून परत आणलंत."

दादाने चमचा खाली ठेवला. फोडींवर मिरपूड पडली.

तपासणीत आकडा चढला नाही, उलट किंचित उतरलाच. मशीन टळलं. डॉक्टरांनी गोळ्यांचं तोंडभरून कौतुक केलं, आणि गोळ्यांनीही ते नाकारलं नाही.

मला मात्र राहवलं नाही. दुपारी जेवताना सूपचा वाडगा उंच धरून मी उभा राहिलो. एका भावाचं विष काढून दुसऱ्याचं औषध करणारी, एकाच पातेल्यात दोन आयुष्यं शिजवणारी ही बाई, वगैरे वगैरे. आवाज भरून आला होता, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. दादाही चक्क मान डोलावत होता.

वहिनीने सगळं मन लावून ऐकलं.

"झालं ना, भाऊजी? मग तेवढं पातेलं घासून टाका. बुडाशी बटाटा चिकटलाय."