कॅटनिप बाहेर कधी लावायचं

आमच्या लारिसाने फोनवर निकालच देऊन टाकला. "आई, बाबांचं विसरणं फार वाढलंय, त्यांना आता घरी ठेवणं जमायचं नाही. इथल्या वृद्धाश्रमात जागा झालीय."

"थांब जरा! इतका काही बिघडलेला नाही तो," मी म्हटलं. माझा नवरा मेट्रो इथं कॅनडात चाळीस वर्षं आमच्या मांजरांसाठी कॅटनिप, म्हणजे त्यांना झिंग आणणारं पुदिन्यासारखं झाड, लावतोय. ते बाहेर कधी लावायचं, हे त्यानं बरोबर सांगितलं तर तो घरीच राहील, असं आमचं ठरलं.

मंगळवारी विचारलं, तर म्हणाला, "मे महिन्यात, राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीला." गुरुवारी बटाटा भरून पिरोहीच्या करंज्या वळताना म्हणाला, "जूनची पौर्णिमा उलटल्यावर." शनिवारी, "आत्ताच लाव की! थंडीनं त्याला काय होतंय?" तीन दिवस, तीन उत्तरं!

मग वाटलं, खरं उत्तर तरी मला कुठं ठाऊक आहे? शेजारच्या व्हर्नाला विचारलं. "ओरिस्या, राणीच्या सुट्टीआधी सास्काचेवानात कुणी फावड्याला हात लावतं का गं?" तिचा नवरा मध्येच तोंड घालून म्हणाला, "छट्! पौर्णिमेआधी लावाल तर हिमानं जळेल, सांगून ठेवतो." रोपवाटिकेतला कॉर्नी हसायला लागला. "ओरिस्याकाकू, चिवट झाड आहे ते. बर्फ वितळून माती मोकळी झाली की लावा."

आता बोला! या तिघांना कुणी वृद्धाश्रमात धाडत नाही. मग माझ्याच नवऱ्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?

डोक्याचा पार भुगा झाला. सुट्टीच्या सोमवारी वैतागून मी खिडकीतला रोपांचा ट्रे उचलला आणि तडक वाफ्याशी नेला. पहिलं रोप काढते न काढते तोच मेट्रो सपाता फटफटवत धावत आला.

"अहो, काय करताय? उबेत वाढलेली पोरं ती! आठवडाभर दिवसा बाहेर ठेवा, रात्री आत घ्या. वारा सोसायला शिकली, की मग कुठलीही तारीख धरा. नाहीतर एका रात्रीत काळी पडतील."

म्हणजे तारखेचा प्रश्नच नव्हता! मला इतका आनंद झाला, की मातीच्या हातांनीच मी त्याचा दंड धरला. "शाबास रे माझ्या राजा! आत्ता लारिसाला सांगते."

त्यानं दंड हळूच सोडवून घेतला. "सांगा की. पण बाई, ट्रे आधी सावलीत ठेवा. आमची ओरिस्या दुकानात गेलीय. परक्या माणसानं वाफ्याला हात लावलेला तिला खपत नाही."

मी ट्रे सावलीत ठेवला.

संध्याकाळी लारिसाचा फोन आला. "काय गं आई, सांगितलं का बाबांनी?"

"अगदी बरोबर सांगितलं," मी म्हणाले. बाकीचं न सांगता मी फोन ठेवला आणि रात्रीपुरता ट्रे आत घेतला.