तिसरा ठोका

सणसरहून सकाळच्या एसटीनं बारामतीला यायचं, जनावरांच्या दवाखान्यातून द्रव नायट्रोजनचं कॅन उचलायचं आणि रिक्षानं कॉलेज गाठायचं, हा करुणाचा दोन वर्षांचा शिरस्ता. गायीम्हशींसाठीचं वीर्य ज्या नायट्रोजनात राखून ठेवतात, त्यातच ती आपला निळा स्फटिक गार करायची.

तो स्फटिक दादासाहेब सरांनी वाढवलेला. सर तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक, आता निवृत्त होऊन पिंपळीला लेकीजवळ राहत. डोळ्यांत तेल घालून त्यांनी अकरा महिन्यांत हरभऱ्याएवढा खडा तयार केला होता. त्याच्या आत तांब्याचे अणू माळेतल्या मण्यांसारखे एका ओळीत. प्रत्येक अणू म्हणजे इवलासा लोहचुंबक, आणि त्याचा संबंध फक्त शेजारच्या दोघांशी. ही ओळ कशी वागते ते बघायला करुणा खडा मोठ्या चुंबकात ठेवून त्याला रेडिओलहरींचे दोन ठोके द्यायची. दोन ठोक्यांत जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरानं खड्यातून तिसरा, क्षीण ठोका परत यायचा. यात भुताटकी काही नव्हती. पुस्तकात लिहिलेलं होतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी अकरा वाजता तिनं ठोके दिलेच नव्हते, तरी पडद्यावर तिसरा ठोका उमटला. मग पुन्हा. मग पुन्हा. तिनं ठोके देणाऱ्या यंत्राची वायरच उपटली. तरी चालूच. खडा बाहेर काढला तेव्हा रेघ सपाट झाली. दुसरा खडा ठेवून पाहिला, काही नाही. सरांचा परत ठेवला आणि ठोका आला. अकरा पस्तीसला सगळं आपोआप थांबलं.

संध्याकाळी सरांच्या लेकीचा, अनिताचा फोन आला. "ताई, आबांना दोनदा घेरी आली. आज त्यांच्या डोक्याचा एमआरआय केला. अकराला आत घेतलं, अर्ध्या तासावर ठेवलं बघा."

करुणाला सकाळचे अकरा आठवले. एमआरआय म्हणजे तरी दुसरं काय? मोठा चुंबक आणि रेडिओलहरी. पण ते हॉस्पिटल कॉलेजपासून तीन किलोमीटर, आणि त्या खोलीला चहूबाजूंनी तांब्याचा पत्रा. आतलं बाहेर येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती पिंपळीला गेली. सर ओसरीवर कॉटवर बसले होते. तिनं मंगळवारचं सगळं त्यांना सांगितलं.

"मशिन खडखडतंच," ते म्हणाले. "पण त्या खडखडाटाच्या मागं कुणीतरी वाट बघत होतं, करुणा. मला तसं स्पष्ट जाणवलं." आणि मग वर्गात चमकायचे तसे त्यांचे डोळे चमकले. "शुक्रवारी परत बोलावलंय. मी आत गेलो की तू दोन ठोके दे."

"सर, नको."

"तीस वर्षं खडे वाढवून विचारतोय मी त्याला. आता उत्तर यायला लागल्यावर पाठ फिरवू?"

शुक्रवारी दहाला अनिताचा मिसकॉल आला. करुणानं दोन ठोके दिले. तिसरा आला नाही. पुन्हा दिले. पन्नास वेळा दिले. खडा मुका. ठोके आत जात होते आणि परत येत नव्हते. मग तिच्या मनात आलं, ते कुठंतरी जात असतील. तिनं घाईनं बटण बंद केलं.

तोवर उशीर झाला होता. "ताई, आबांचा हात ऐकंना झालाय," अनिता फोनवर रडत म्हणाली.

करुणा पिंपळीला पोचली तेव्हा सरांच्या उजव्या हाताचं बोट कॉटच्या पट्टीवर आपटत होतं. अनितानं आत मिरचीवर दोन घाव घातले की बाहेर एक, ठक. करुणा स्वयंपाकघरात गेली आणि पाठमोरी उभी राहून तिनं आपल्याच तळहातावर नखानं दोनदा टिचकी मारली. आवाज तिला स्वतःलाही आला नाही. दोन टिचक्यांत एक सेकंद. बाहेरून एका सेकंदानं आलं, ठक. तिनं चार सेकंद अंतर ठेवलं. चार सेकंदांनी ठक.

सहा दिवस असेच गेले. रिपोर्टात काही निघालं नाही. सरांना घास धरता येईना, झोप येईना. सातव्या दिवशी ते म्हणाले, "तो खडा पाण्यात विरघळव."

"तुम्हाला काही झालं तर?"

"अन् हे असंच ऱ्हायलं तर?"

दुपारी बारा वाजता तिनं ओसरीवर, त्यांच्यासमोरच, खडा काचेच्या ग्लासात सोडला. अनितानं बापाचा डावा हात घट्ट धरला होता. खड्यातून निळे धागे सुटले. तो मुगाएवढा झाला, मग मोहरीएवढा. बोटाचे ठोके लांबत गेले. एक आला. बऱ्याच वेळानं दुसरा. मग बोट तसंच पडून राहिलं.

सरांनी मोठा श्वास घेतला, उठून बसले आणि चहा मागितला. कप त्यांनी उजव्या हातात धरला. एक थेंब सांडला नाही. अनिता पदरात तोंड घालून रडली.

"सर, बरं वाटतंय ना?" करुणानं विचारलं.

त्यांनी पाहुण्याकडं बघावं तसं तिच्याकडं आदबीनं बघितलं.

"बरं हाय की. तुमी कुठल्या म्हणायच्या, बाई? अन् मला सर का म्हणता?"

अनितानं घाबरून एकेक विचारलं. लेकीचं नाव, गायीचं नाव, विहिरीवरचा आंबा कुणी लावला, सगळं त्यांना ठाऊक होतं. फक्त कॉलेज, प्रयोगशाळा, तीस वर्षांचे खडे आणि करुणा, एवढंच त्यांच्यातून खड्यासोबत विरघळून गेलं होतं. पोळी खाऊन ते गाढ झोपले.

ग्लासातलं निळं पाणी कुठं ओतावं, ते दोघींनाही कळेना. शेवटी अनितानं त्यावर ताटली झाकली.