मोकळा काठ

ताई गाडीतून उतरली, तळ्याकडे पाहिलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. दक्षिणेचा सगळा काठ न्हाव्याकडून आल्यासारखा गुळगुळीत झाला होता. डोक्यापेक्षा उंच वाढणारी पाणकणसं गायब. त्यांच्या जागी उघडा चिखल, आणि चिखलाच्या कडेला खोदायचं पिवळं यंत्र दात विचकून उभं.

"कसं वाटलं?" धाकट्या भावाने विचारलं. हा नगरपालिकेत अभियंता. पंचेचाळिशी आली, पोट सुटलं, हाताखाली माणसं आली, तरी घरात सगळे त्याला छोटूच म्हणत. "बघ, इथून तिथपर्यंत नुसतं पाणी! चार डंपर कचरा निघाला, ताई. चार!"

"कोणी सांगितलं होतं तुला हे?"

"कोणी म्हणजे? तूच!"

आता काय बोलणार, कप्पाळ? ताईचा सगळा जन्म पाणथळ जागांच्या अभ्यासात गेलेला. या एका तळ्यासाठी तिने किती उंबरे झिजवले, त्याला गणती नाही. शेवटी काम भावाच्याच हाती आलं तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. ठरावात नेमकं काय लिहू, असं त्याने फोनवर विचारलं. ती म्हणाली, "काठ मोकळा ठेवावा, एवढंच लिही." म्हणजे भिंत नको, फरशी नको, दुकानं नकोत. वर सवयीप्रमाणे दटावलंही, "आणि काम अर्धवट सोडायची तुझी खोड आहे, ती या वेळी दाखवू नकोस."

छोटूने बहिणीचा शब्द पाळला होता. मोकळा म्हणजे मोकळा.

"अरे, तळं म्हणजे विहीर नव्हे!" ताईचा आवाज चढला. "परात आहे ही, परात! मधे जेमतेम माणूसभर पाणी, कडेला गुडघाभर. टेकड्यांवरून ओढे येतात ते माती घेऊन येतात, वाटेत गावाचं सांडपाणीही घेतात. ही पाणकणसं ती माती अडवतात, घाण शोषतात. ती गेली की सगळा गाळ थेट मधे. मग काही वर्षांनी इथून तिथपर्यंत नुसतं मैदान बघत बस! आणि गावच्या विहिरींना पाझर कुठून येणार? तुझ्या ठरावातून?"

"मग तसं सांगायचं ना नीट!" छोटू फुरंगटला. "म्हणे मोकळा! सुट्टीच्या दिवशीसुद्धा उन्हात उभा राहिलो मी इथे. बायकोची बोलणी खाल्ली. म्हटलं, ताई खूश होईल."

हेच तर ताईला सहन होईना. दुसरा कोणी असता तर तिने त्याला उभा-आडवा सोलला असता. याच्यावर धड ओरडताही येत नव्हतं.

"उत्तरेची बाजू तरी शाबूत आहे ना?"

"आहे. यंत्र आता तिकडेच निघालंय."

"थांबव."

"ठराव आहे, ताई. बदलायचा तर सभा लागते. सभा पुढच्या महिन्यात."

"आणि तोवर पाणकणसं काय सभेची वाट बघत उभी राहतील? धन्य आहे बाबा तुमची!"

तिने त्याचं मनगट धरलं आणि लहानपणी शाळेत ओढत न्यायची तसं त्याला उत्तरेच्या काठाने ओढत नेलं. मागून यंत्र खडखडत येतच होतं. ती सरळ पाण्यात शिरली, त्याला घेऊन.

"ताई, बूट नवे आहेत!"

"असू देत!"

दाट पाणकणसांत चार पावलं टाकली असतील, तेवढ्यात समोरून एक लहानसा पक्षी डुबकन पाण्याखाली गेला.

"पाणबुडी," ताई म्हणाली. "ती जिथून बुडाली तिथे बघ. काय दिसतं?"

"काय दिसायचंय? कचरा." दोन देठांच्या आधाराने ओल्या पाल्याचा एक ढिगारा तरंगत होता.

"तो पाला जरा बाजूला कर."

छोटूने तोंड वाकडं करत पाला सारला. खाली अंडी होती. त्याने बोट लावलं. गरम होती.

"पळायच्या आधी ती घाईघाईने पाला ओढते त्यांच्यावर," ताई म्हणाली. "कोणाला दिसू नयेत म्हणून."

छोटूने पाला पुन्हा वर ओढला. नीट बसला नाही म्हणून परत ओढला. बराच वेळ तो तेच करत राहिला.

"चार डंपर," तो पुटपुटला.

 

यंत्र काठाशी येऊन थांबलं तसा छोटू चिखल तुडवत बाहेर निघाला. एक बूट आतच राहिला. तो दोन्ही हात पसरून यंत्रासमोर उभा राहिला.

"साहेब, बाजूला व्हा की," चालक वरून ओरडला. "काठ मोकळा करायचाय ना?"

"ठेवायचाय!" छोटू खेकसला. "ठरावात 'ठेवावा' लिहिलंय, 'करावा' नाही. आपल्यापासून मोकळा ठेवायचा! वळव ते धूड!"

"मग पलीकडे आपण काय केलं?"

छोटूने हातानेच परतीची वाट दाखवली. चालकाने खांदे उडवले आणि यंत्र वळवलं.

ते दिसेनासं होईपर्यंत दोघं काठावर उभी राहिली. ताईला हसूही येत होतं आणि रडूही. एका बुटावर उभा असलेला भाऊ पलीकडच्या उघड्या चिखलाकडे बघत होता.

"ती परत उगवतील ना गं?"

"उगवतात. लोचट जात आहे," ताई म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला होता. "मुळं जाग्यावर असली की पुन्हा उठतात. मुळं ठेवलीस ना?"

छोटूने मान खाली घातली.

"मुळासकट काढली," तो म्हणाला. "तूच म्हणाली होतीस, काम अर्धवट सोडू नकोस."