सलग सेवा सात महिने

“सात महिने?” मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. आकडा काही केल्या हलेना. “अहो, एकोणतीस वर्षं म्हणायचंय तुम्हाला!”

बाटल्यांची झाकणं करणारा कारखाना मालकांनी महिन्याभरापूर्वी बंद केला होता आणि आज तिथल्या कॅन्टीनमध्ये टेबलं जोडून हिशेबाची पाकिटं वाटली जात होती. मास्तर म्हणजे टाइम ऑफिसचे कारकून. शाळेचं तोंड त्यांनी शिकून झाल्यावर पुन्हा पाहिलं नव्हतं. पण हजेरी घेतात म्हणून सगळे मास्तर म्हणत, आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं.

नियम त्यांना तोंडपाठ होता. कारखाना बंद होऊन नोकरी गेली, की सलग नोकरीच्या दर वर्षामागे एक पगार भरपाई. सलग एक वर्षही भरत नसेल तर काही नाही. एकोणतीस पगार आले की घराचं कर्ज फिटणार, असं बायकोला त्यांनी छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

हेड ऑफिसच्या साहेबांनी फाइल फिरवून त्यांच्यापुढे सरकवली. “हा राजीनामा तुमचाच ना? कारखाना बंद व्हायच्या सात महिने आधीचा? त्यानंतर तुमची नेमणूक नवी धरलीय.”

अक्षर त्यांचंच होतं, सहीसुद्धा. मास्तरांच्या पायांखालची जमीन सरकली.

पॅकिंगच्या बायकांसाठी कारखान्यात एक रीत होती. दर अकरा महिन्यांनी त्यांनी छापील राजीनाम्यावर सही करायची, चार दिवस हजेरीपुस्तकात गैरहजर दिसायचं आणि पाचव्या दिवशी नव्याने लागायचं. ते चार दिवसही बायका पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभ्या असायच्याच. त्या दिवसांची मजुरी वेगळ्या वहीतून निघायची. सह्या घ्यायचं काम मास्तरांचं. त्या शेवटच्या खेपेला मावशी अडून बसली होती. पॅकिंगमधली सगळ्यांत जुनी बाई ती, अठरा वर्षं काम केलेली.

“मी नोकरी सोडत नाहीये, तर सोडली असं लिहून कशाला देऊ?” ती म्हणाली होती. तिचं बघून बाकीच्याही थांबल्या.

मास्तरांनी एक फॉर्म ओढला, वर स्वतःचं नाव घातलं आणि खाली सही ठोकली. “घ्या! मीपण सोडली नोकरी. गेलो का मी घरी?”

बायका खो खो हसल्या. मावशीही हसली आणि तिने सही केली. संध्याकाळी तो फॉर्म फाडून टाकायचा होता. पण फॉर्मांवर ओळीने नंबर होते, आणि मधलाच नंबर गहाळ ठेवणं मास्तरांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्यांनी तो व्यवस्थित फाइलला लावला.

“चेष्टा होती हो ती!” आता त्यांचा आवाज चिरकला.

“असेल. तुम्ही कायम नोकरीतले, तुमचं दुरुस्त करू,” साहेब मवाळपणे म्हणाले. “एक अर्ज द्या. तुमचा कागद चुकून लागला. बाकीच्यांचे राजीनामे खरे, तुमच्यासमोर राजीखुशीने दिलेले. एवढंच लिहा.”

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. “आयुष्यभर दुसऱ्यांचे दिवस लिहिलेत आणि स्वतःचे उधळून आलात! लिहून टाका की मग. घोडं अडलंय कुठे?”

“लिहितो. उद्या कामगार सल्ला केंद्रात वकीलबाईंना दाखवतो आणि देऊन टाकतो.”

सकाळी केंद्राच्या बाहेर बाकावर मावशी बसलेली होती. मांडीवर पिशवी, हातात तसाच कागद. मास्तरांना बघून ती सरकली. “मास्तर, तुमचे किती धरले?”

“सात महिने,” ते बोलून गेले.

मावशीचा चेहरा उजळला. “अगबाई, तुमचेही सातच? मग बरोबर असेल. कालपासून जीव टांगणीला लागला होता हो. लेक म्हणाली, आई, अठरा वर्षं कुठे गेली ते जाऊन विचार. पण तुमच्यासारख्या माणसालाही एवढंच, म्हणजे कायदाच तसा असणार.” कागदाची घडी घालून ती उठली. “चला, मग इथे उगाच खोळंबा कशाला?”

मास्तर सुन्न झाले. कालचा धक्का या धक्क्यापुढे काहीच नव्हता. त्यांचा राजीनामा एकच, तोही चेष्टेतला, आणि त्यासाठी त्यांनी कॅन्टीन डोक्यावर घेतलं होतं. मावशीचे राजीनामे तर अठराच्या वर होते, आणि प्रत्येकावर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही होती.

“मावशी, बसा. बरोबर नाहीये ते.”

“म्हणजे?”

“राजीनामा नुसता कागदावरचा असेल आणि काम चालूच असेल, तर नोकरी तुटत नाही. तुमचे अठरा पगार निघतात.”

मावशी हळूच खाली बसली. “हे तुम्हाला कधी कळलं?”

काल, असं म्हणता आलं असतं. मास्तरांच्या जिभेवर आलंही होतं.

“पहिल्यापासून माहीत होतं,” ते म्हणाले. “कारखाना बंद पडेल असं कधी वाटलंच नाही हो.”

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने पिशवी उचलली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली.

आतून वकीलबाईंनी हाक मारली. दार उघडंच होतं. “या. काल फोनवर सांगितलात तो अर्ज बघायचाय ना तुमचा?”

“माझं राहू द्या. आधी पॅकिंगच्या बायकांचं लिहून घ्या. त्या चार दिवसांची गैरहजेरी खोटी आहे. ती मी लावायचो. त्या कामावर असायच्या.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “हे दिलंत तर कंपनी तुमचं काही दुरुस्त करणार नाही. शिवाय खोटी हजेरी तुमच्याच अंगाशी येईल. कळतंय ना?”

“कळतंय. पहिल्या वर्षापासून सांगतो.”

“सांगा. पण जरा सावकाश. मी इथे समोरच बसलेय, एवढ्या मोठ्याने बोलायची गरज नाही.”

मास्तरांनी आवाज कमी केला नाही. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जायला हवं होतं.