गेरूची रेघ

दिवाळी सरल्यावर मधुकरराव ओव्हरसियर मोठ्या साहेबांना घेऊन सालईपुरात जीपमधून उतरले, आणि समोरचं गाव पाहून त्यांच्या तोंडातलं पान चघळायचं राहून गेलं. धरणाचं पाणी टेकडी चढून गेलं होतं.

पाणी अजून यायचं होतं, धरणही यायचं होतं. आली होती ती नुसती रेघ. वैशाखात मधुकररावांनीच दुर्बीण लावून ती आखली होती: धरण भरलं की पाणी कुठवर येईल त्याची खूण. खालच्या घरांना ती छपराशी लागली, मधल्यांना कमरेशी, आणि मारुतीच्या पाराची पायरी शिवून संपली. पाराच्या वरची सगळी घरं सुटली. खात्याचा लाल ऑइलपेंट मंजूर होता, पण हजर नव्हता, आणि मंजूर ते हजर हा प्रवास सरकारात बैलगाडीनेच होतो. म्हणून मधुकररावांनी गेरू लावला. गेरू दिला देवकाबाईंनी. त्यांचं घर टेकडीवर, अगदी शेवटचं. महिनाभर त्यांच्या हातचा झुणका खाऊन मधुकरराव निघताना म्हणाले होते, "मावशी, तुमचं घर वाचलं. बिनघोर राहा."

आता तीच रेघ घराघरावर, सारखीच कमरेएवढी, दोन बोटं रुंद, मोठ्या निगुतीनं काढलेली, गल्लीबरोबर चढत चढत देवकाबाईंच्या भिंतीपर्यंत पोचली होती.

"तुमच्या जिल्ह्यात पाणी चढावर जातं का हो?" साहेबांनी विचारलं.

मधुकररावांनी खालच्या घरातल्या डोमाजीला हाक मारली. "डोमाजी, रेघ कोणी हलवली?"

"हलवली नाई भाऊ, सांभाळली. दिवाळीले बायायनं पांढऱ्या मातीनं भिंती पोतल्या. त्यात गेरू झाकल्या गेला. सरकारची खूण पुसून कसं चालन? मंग पुन्हा काढली."

"अरे, पण तुझ्या घराला ती छपराशी होती."

"ते वंगाळ दिसे. पट्टा कसा, कमरेएवढाच शोभते."

"आणि वरच्या घरांना तर नव्हतीच."

यावर जमलेल्या बायांतून देवकाबाई पदर सावरत पुढं आल्या. "काऊन नसावी? आमी काय पाप केलतं? खालच्यायच्या भिंतीवर सरकारची खूण अन् आमची भिंत कोरी. उद्या काही वाटप आलं तं खूण पाहूनच देतीन."

मधुकररावांना हसू आवरेना. एवढंच ना! त्यांनी साहेबांना सगळा प्रकार समजावला. दुर्बीण जीपमध्येच आहे, दोन दिवसांत रेघ जागेवर आणतो म्हणाले.

साहेब हसले नाहीत. शेवटच्या घरापर्यंत चालत गेले, वरून गाव पाहिलं, सोबतच्या फोटोग्राफरला रेघेचे फोटो घ्यायला लावले आणि मधुकररावांना बाजूला घेतलं.

"अर्धं गाव उठवलं तर उरलेल्या अर्ध्याला रस्ता, शाळा, विहीर, सगळं पुन्हा द्यावं लागेल. तलावाला वळसा घालून. कोण देणार? सगळं गाव उठलं की एकच प्रस्ताव."

"पण साहेब, पाणी वर येतच नाही."

"न येऊ दे. लोकांची हरकत नाही, हे त्यांनीच भिंतीवर लिहून दिलंय. सही घ्यायला गेलो असतो तर वर्ष गेलं असतं."

मधुकररावांना वाटलं, साहेब थट्टा करताहेत. ते साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. साहेब रुमालानं चष्मा पुसत होते, आणि दिवसाचं काम वेळेत उरकल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

साहेब जीपकडे उतरले. मागून निघालेल्या मधुकररावांना देवकाबाईंनी आपल्या ओट्याशी गाठलं. हातात चहाची कपबशी.

"काय म्हणे सायेब?"

"मावशी, सगळ्या गावाले उठा लागते."

"माह्या घरात पाणी येईन?"

"नाई."

"मंग आमी काऊन जाऊ?"

बाईंनी कपबशी तशीच धरली होती. "रेघ आमी काढली, तुमी नाई, हे सांगतलं का त्याले?"

"सांगितलं."

"मंग?"

"तेच तर पसंत पडलं त्याले."

बाई कपबशी ओट्यावर ठेवून आत गेल्या, बादली आणि बोळा घेऊन आल्या आणि भिंतीशी उकिडव्या बसून रेघ पुसू लागल्या. ओला गेरू हातभर खाली पसरला. खालून हॉर्न वाजला. मधुकररावांनी वळून जीपकडे पाहिलं, मग बाह्या सरसावल्या आणि ते शेजारच्या भिंतीशी बसले.

"मावशी," ते म्हणाले, "आणखी एक बोळा द्या."